मनात राहणारी छायाचित्रे आणि छायाचित्र-प्रकल्प इंटरनेटवर कसे शोधावेत?

पंचगंगाकाठ
(मूळ प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. यंदा नववीच्या वर्गाला शनिवारचा शेवटचा तास छायाचित्रे पाहण्यासाठी द्यावा, असे मी ठरवले. शाळेत प्रोजेक्टर आहे, इंटरनेट बऱ्यापैकी चालते आणि मुलांना तर फोटोचे वेड आहेच. म्हणून पहिल्या तासाला मी फोनवर साठवलेली वीस-पंचवीस छायाचित्रे भिंतीवर दाखवली. धुक्यातले डोंगर, पावसात भिजलेले रस्ते, वाळवंटातले उंट असे त्यांचे स्वरूप होते. मुलांनी प्रत्येक चित्राला "छान आहे" म्हटले आणि दहा मिनिटांत तास संपल्यासारखा झाला.

एका मुलाने मात्र विचारले, "बाई, हा फोटो कुणी काढला? हे गाव कुठले?" चित्रात एक म्हातारी दारात बसून धान्य निवडत होती. मला उत्तर देता आले नाही, कारण ज्या पानावरून मी ते घेतले होते तेथे नाव, गाव, साल यांपैकी काहीच नव्हते. घरी येऊन शोधले, तेव्हा तेच छायाचित्र अनेक पानांवर सापडले. एका ठिकाणी ती बाई राजस्थानची होती, दुसऱ्या ठिकाणी नेपाळची आणि तिसऱ्या ठिकाणी चक्क पेरू देशाची. त्या रात्री मला फार वाईट वाटले. कुणा एका माणसाच्या दारात उभे राहून दुसऱ्या माणसाने टिपलेला तो क्षण होता आणि त्या दोघांचीही नावे मधल्या मध्ये गळून गेली होती.

मला असे काम हवे आहे की जेथे छायाचित्रकाराने एकाच विषयाशी महिनोन्महिने किंवा वर्षानुवर्षे नाते ठेवले आहे, चित्रांबरोबर नीट चित्रओळी आहेत आणि ते वर्गात दाखवता येईल. असे काम कोठे सापडते आणि आपण स्वतः ते कसे शोधता? मराठीत वाचायला मिळणारे काही असल्यास फारच उत्तम.

आणखी एक गोष्ट सांगते. ती या प्रश्नाशी जोडलेली आहे, असे मला वाटते. माझे माहेर शाहूपुरीतले. २०२१च्या जुलैमध्ये पुराचे पाणी घरात शिरले, तेव्हा खालच्या कपाटातला आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम भिजला. आम्ही तो उन्हात वाळवला आणि पाने एकमेकांना चिकटून बसली. एक पान अर्धे सुटले, त्यात आईचा चेहरा गेला आहे, पण शालूचा काठ आणि हातातल्या बांगड्या स्पष्ट दिसतात. छायाचित्र म्हणजे काय, याचा विचार मी तेव्हापासून वेगळ्या तऱ्हेने करू लागले.

जुना_एनलार्जर

बाई, मंगळवार पेठेत माझा छत्तीस वर्षे स्टुडिओ होता. आता डार्करूममध्ये नातवाची सायकल असते, पण छायाचित्रे पाहण्याची सवय सुटलेली नाही. मुलाने मला संगणक शिकवला आणि तेव्हापासून रोज सकाळी तासभर मी जगातल्या संग्रहालयांची कपाटे उघडून बसतो.

तुमच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न योग्य आहे आणि तुमच्या तासाची सुरुवात तेथूनच व्हायला हवी होती. एकेकटे सुंदर छायाचित्र पाहून माणूस "छान" म्हणतो, कारण त्यापुढे म्हणण्यासारखे त्याला काही दिलेलेच नसते. त्याच चित्राच्या आधीची आणि नंतरची चौकट, म्हणजे त्याच वेळी घेतलेली दुसरी छायाचित्रे, दाखवा, मग पाहा मुले किती वेळ थांबतात.

मी तुम्हाला एकच ठिकाण सांगतो आणि तेथे महिनाभर राहा, अशी विनंती करतो. अमेरिकेत १९३०च्या दशकात मंदी आणि दुष्काळाने शेतकरी देशोधडीला लागले, तेव्हा तेथील सरकारच्या फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या खात्याने छायाचित्रकारांना गावोगाव पाठवले. सुमारे १९३५ ते १९४४ या काळातील पावणेदोन लाखांच्या आसपास कृष्णधवल निगेटिव्ह आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि त्यांतील बहुतेक सर्व कोणालाही घरबसल्या, विनामूल्य, मोठ्या आकारात पाहता येतात. येल विद्यापीठाने याच संग्रहाचा फोटोग्रामर नावाचा नकाशा केला आहे. त्यात जिल्ह्यावर बोट ठेवले की तेथील छायाचित्रे पुढे येतात.

या संग्रहातील एक छायाचित्र सर्वांना माहीत असते. डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर ते घेतले. एका आईच्या कपाळावर आठ्या, हात गालाशी, दोन मुले पाठ फिरवून खांद्यावर टेकलेली, असे ते चित्र आहे. पुस्तकांत फक्त तेवढेच छापतात. पण लायब्ररीच्या संकेतस्थळावर त्याच वेळी घेतलेल्या इतर चौकटीही आहेत आणि मी त्या पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा खुर्ची पुढे ओढून बसलो. पहिली चौकट घेताना लँग दूर उभ्या आहेत. फाटका तंबू, त्याच्यापुढे झुलत्या खुर्चीत बसलेली मोठी मुलगी आणि आत कोपऱ्यात ती आई. नंतर त्या जवळ जातात. एका चौकटीत समोर ट्रंक आहे आणि तिच्यावर रिकामी ताटली आहे. मग आणखी जवळ आणि शेवटी तो चेहरा. स्टुडिओत गिऱ्हाईक बसल्यावर आम्हीही हेच करत होतो. पहिला फोटो माणूस सैल व्हावा म्हणून असायचा आणि कामाचा फोटो नंतर यायचा.

मुलांना चित्राचा खालचा उजवा कोपरा दाखवा. तंबूचा खांब धरलेला एक अंगठा मूळ निगेटिव्हमध्ये होता आणि तो लँग यांनी नंतर रिटच करून पुसवला. त्यांच्या वरिष्ठांना, म्हणजे रॉय स्ट्रायकर यांना, ते आवडले नव्हते, कारण सरकारी दप्तरातील पुराव्याला हात लावू नये, असे त्यांचे मत होते. हेच स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला पंचने भोक पाडत असत! अशी काळ्या गोल भोकाची शेकडो छायाचित्रे आज त्याच संग्रहात दिसतात. एखाद्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर ते भोक आलेले पाहिले की माझ्या पोटात कालवते. आयुष्यभर निगेटिव्ह कागदी पाकिटात जपणाऱ्या माणसाला ते सहन होत नाही.

आणि तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न येथेही लागू पडतो. लँग यांच्या चित्रओळीत त्या स्त्रीचे वय होते, मुलांची संख्या होती, पण नाव नव्हते. त्यांनी ते विचारलेच नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला १९७८ साली कळले आणि त्या वेळी त्या बाईंनी, हे छायाचित्र काढले नसते तर बरे झाले असते, अशा अर्थाची खंत बोलून दाखवली. सारे जग ज्या चित्राला डोक्यावर घेते, त्यातल्या माणसाला काय वाटले, हा प्रश्न नववीच्या मुलांना नक्की समजतो.

गंगावेस_४१६०१२

वरच्या प्रतिसादात सांगितलेला संग्रह मोठा आहे, यात शंका नाही, पण मुलांना आधी आपल्या मातीतले काम दाखवावे, असे माझे मत आहे.

मराठीत वाचायचे असेल तर पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे पारी, उघडा. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेले हे संकेतस्थळ डिसेंबर २०१४पासून चालू आहे आणि त्यावरील बरेचसे लेख मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात. प्रत्येक छायाचित्राखाली माणसाचे नाव, गाव आणि तो काय काम करतो हे लिहिलेले असते. त्यांत आपल्या जिल्ह्यातील कारागीर आहेत, शेतमजूर आहेत, तालमीतले पैलवानही आहेत. आपल्याच भागातील हातांचे छायाचित्र इतक्या आदराने काढलेले पाहिल्यावर मुलांना जे वाटेल, ते वाळवंटातला उंट पाहून वाटणार नाही.

तेथेच साईनाथ यांचे बायकांच्या कामावरील एक छायाचित्र-प्रदर्शन संपूर्ण डिजिटल स्वरूपात ठेवले आहे. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून काढलेली ती छायाचित्रे आहेत. त्यांत वीटभट्टीवरच्या, भाताची लावणी करणाऱ्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या बायका आहेत. काम डोळ्यांसमोर चाललेले असते, पण करणारी कुणाला दिसत नाही, हा त्याचा विषय. मी हे प्रदर्शन माझ्या आईला दाखवले. ती पंधरा वर्षे ऊसतोडीला जात होती. तिने एकेक चित्र दोन-दोन मिनिटे पाहिले आणि प्रत्येक बाईच्या डोक्यावरचे ओझे अंदाजे किती किलोचे असेल, ते सांगितले. छायाचित्र असे वाचायचे असते, हे मला त्या दिवशी आईकडून कळले.

दप्तरखाना

मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आहे आणि एका खाजगी संग्रहाच्या नोंदी करण्याचे काम करते. त्यामुळे "कसे शोधावे" या भागाबद्दल लिहिते.

सर्वप्रथम, फोन जे आपोआप पुढे सरकवतो, त्यातून चांगले काम सापडण्याची वाट पाहू नये. तेथे जे लगेच डोळ्यांत भरते, तेच वर येते आणि वर्षानुवर्षे केलेले काम सहसा तसे भडक नसते. आपण स्वतः उठून संग्रहालयाच्या, ग्रंथालयाच्या किंवा छायाचित्रकाराच्या संकेतस्थळावर जावे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सहकार्याने जानेवारी २००८मध्ये फ्लिकर कॉमन्स हा उपक्रम सुरू झाला आणि त्यात पुढे अनेक देशांतील संस्थांनी आपले जुने संग्रह ठेवले. तेथील छायाचित्रांवर कॉपीराइटचे ज्ञात बंधन नसल्याची नोंद असते. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना स्पष्ट लिहिलेला असतो. बातमीतील छायाचित्रांसाठी वर्ल्ड प्रेस फोटोचा संग्रह पाहावा. ही स्पर्धा १९५५पासून चालू आहे आणि पुरस्कार मिळालेली छायाचित्रे नाव, साल आणि माहितीसह तेथे मिळतात. त्यांतील काही दृश्ये फार भीषण असतात, म्हणून वर्गात दाखवण्याआधी स्वतः सर्व पाहून घ्यावीत. वर्गात दाखवण्याबद्दल फार घाबरू नका. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने केलेल्या वापराला आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये सूट आहे. मात्र तेच चित्र शाळेच्या वार्षिक अंकात छापायचे किंवा पानावर टाकायचे झाले, तर ती गोष्ट वेगळी.

निनावी छायाचित्र हाती आले, तर चित्रावरून चित्र शोधण्याची सोय वापरावी. गूगलवर ती आहे, टिनआय या संकेतस्थळावरही आहे. टिनआयवर निकाल जुन्यापासून नव्यापर्यंत असे लावता येतात आणि सर्वांत जुना निकाल बहुधा मूळ मालकाच्या जवळ नेतो. आपल्या त्या धान्य निवडणाऱ्या आजींसाठी हे अवश्य करून पाहा. अलीकडे संगणकाने तयार केलेली चित्रेही छायाचित्रे म्हणून फिरतात, त्यामुळे मी आणखी एक खूण पाहते. त्याच प्रसंगाची दुसरी चौकट मिळते का? खऱ्या छायाचित्रकाराने त्या दारासमोर एकदाच बटण दाबलेले नसते. आजूबाजूच्या चौकटी, तारीख आणि तेथे जाण्याचे कारण यांपैकी काहीच मिळाले नाही, तर मी ते चित्र वर्गात नेणार नाही.

शोधशब्दांबद्दल एक लहानशी सूचना. ब्रिटिशकालीन नोंदींत आपल्या गावाचे इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखे नसते. 'एच' गाळलेले आणि शेवटी 'पोर' असा उच्चार होईल असे लिहिलेले कोल्हापूर मी परदेशी संग्रहांच्या सूचींत पाहिले आहे. मुंबई, पुणे, ठाणे यांच्याही बाबतीत तेच. आजच्या स्पेलिंगने शोधले तर हाती काही लागत नाही आणि आपल्याला वाटते की तेथे काहीच नाही.

आता माझ्या सर्वांत आवडत्या संग्रहाबद्दल लिहिते. त्यासाठी थोडी जास्त जागा घेत आहे. आल्बेर कान नावाचे एक फ्रेंच बँकर होते. जगातील माणसे एकमेकांना पाहतील, तर ती एकमेकांशी लढणार नाहीत, अशी त्यांची श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेपायी त्यांनी १९०९ ते १९३१ या काळात स्वतःच्या खर्चाने छायाचित्रकार देशोदेशी पाठवले. सुमारे ७२,००० रंगीत काचपट्ट्या, म्हणजे काचेवर घेतलेली रंगीत छायाचित्रे, जमा झाल्या. त्या पॅरिसजवळच्या त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात आहेत आणि इंटरनेटवर पाहता येतात. स्तेफान पासे हे त्यांचे छायाचित्रकार पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर भारतातही आले होते. पुढे १९२९च्या मंदीत कान यांचे दिवाळे निघाले आणि काम थांबले.

ही छायाचित्रे ऑटोक्रोम पद्धतीची आहेत. ल्युमिए बंधूंनी ती १९०७ साली बाजारात आणली. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून ते काचेवर पसरायचे आणि त्यावर संवेदनशील थर द्यायचा, अशी ती पद्धत. पडद्यावर चित्र खूप मोठे करून पाहिले तर ते कण रांगोळीच्या दाण्यांसारखे दिसू लागतात. रांगोळी आपल्या मुलांच्या हातातली आहे, त्यामुळे ही युक्ती त्यांना लगेच पटेल. जमल्यास याच्या शेजारी सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांची रशियातील छायाचित्रे ठेवा. त्यांनी निळ्या, हिरव्या आणि लाल गाळण्यांतून (फिल्टरमधून) एकामागून एक अशा तीन चौकटी घेतल्या. स्थिर घर नीट रंगीत दिसते, पण तिन्ही चौकटींच्या दरम्यान नदीचे पाणी हलते आणि त्यामुळे लाटांवर लाल, हिरवे, निळे पट्टे उमटतात. शंभर वर्षांपूर्वीचे ते दोन-चार सेकंद तेथे डोळ्यांना दिसतात.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या शनिवारी मी निपोमोच्या चौकटी दाखवल्या. शेवटचे प्रसिद्ध चित्र मुद्दाम झाकून ठेवले आणि दूरच्या तंबूपासून सुरुवात केली. प्रत्येक चौकटीला मुलांना विचारले की आधीच्या चौकटीत नव्हते असे काय आता दिसते. ट्रंकवरची ताटली एका मुलीने माझ्या आधी पाहिली. चेहऱ्याची चौकट आली, तेव्हा वर्ग पूर्ण शांत होता आणि घंटा झाल्यावरही चार-पाच जण भिंतीजवळ उभे होते. ज्या मुलाने मागच्या वेळी प्रश्न विचारला होता, त्याने वहीत त्या बाईंचे पूर्ण नाव लिहून घेतले.

धान्य निवडणाऱ्या आजींचा शोध मी दोन्ही ठिकाणी घेतला. सर्वांत जुना निकाल एका छायाचित्रकाराच्या स्वतःच्या पानावर गेला, पण ते पान आता बंद आहे. म्हणून ते छायाचित्र मी संग्रहातून काढले आहे.

पारीवरील प्रदर्शन पुढच्या शनिवारी दाखवणार आहे आणि मुलांना ते आपापल्या आईबरोबर घरी पुन्हा पाहायला सांगणार आहे.

नदीवेस

बाई, तुम्ही मूळ प्रश्नात अल्बमबद्दल लिहिले आणि त्याकडे कुणी वळले नाही, म्हणून मी लिहितो. माझे घर २०१९ला बुडाले आणि २०२१लाही बुडाले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाण्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ आहेत. दुसऱ्या पुरानंतर मी पूर आणि छायाचित्रे या विषयावर जे सापडेल ते पाहत गेलो आणि दोन प्रकल्प माझ्या मनात कायमचे बसले.

पहिला गिडियन मेंडेल यांचा. ते दक्षिण आफ्रिकेत जन्मले. २००७ साली काही आठवड्यांच्या अंतराने इंग्लंडमधील आणि भारतातील पूर त्यांनी टिपले आणि तेव्हापासून जगभरच्या पूरग्रस्तांकडे ते जात राहिले. त्यांच्या संकेतस्थळावर ड्राउनिंग वर्ल्ड या नावाने ही मालिका पाहता येते. माणसे आपल्या घरात किंवा दारात, कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत पाण्यात उभी आहेत आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. कुणी रडत नाही, कुणी हात पसरत नाही. देश वेगळे, घरे लहान-मोठी, पण पाण्याची रेषा सगळ्यांच्या अंगावर. आपल्याकडे पुराचे फोटो म्हणजे होडी, हेलिकॉप्टर आणि पाहणी करणारे पुढारी. आमच्या गल्लीतल्या माणसाला कुणी असे त्याच्या उंबऱ्यावर मानाने उभे केले नाही. याची मला आजही खंत वाटते.

याच कामाचा वॉटरमार्क्स नावाचा एक भाग आहे. त्यात पूर ओसरल्यावर मिळालेली लोकांची घरगुती छायाचित्रे त्यांनी मोठी करून मांडली आहेत. कडेने रंग विरघळून आत आलेले असतात आणि मध्ये कुणाचा तरी वाढदिवस उरलेला असतो. तुमच्या आईंच्या शालूचा काठ वाचताना मला तीच चित्रे आठवली.

दुसरा प्रकल्प जपानमधला. ११ मार्च २०११च्या त्सुनामीनंतर मियागी प्रांतातील यामामोतो गावात ढिगाऱ्यातून लोकांचे फोटो गोळा झाले, सुमारे साडेसात लाख. स्वयंसेवकांनी ते एकेक करून धुतले, वाळवले, त्यांच्या डिजिटल प्रती केल्या आणि ज्यांचे त्यांना परत देण्याचा प्रयत्न केला. ज्या छायाचित्रांत चेहरे ओळखूच येत नव्हते, ती टाकून द्यायची वेळ आली, तेव्हा मुनेमासा ताकाहाशी या छायाचित्रकाराने पुढाकार घेऊन त्यांचे प्रदर्शन केले आणि ते परदेशांतही नेले. लॉस्ट अँड फाउंड या नावाने ते शोधता येईल. भिंतभर लहान लहान फोटो, बहुतेकांत फक्त एखादा खांदा, फुलांचा गुच्छ किंवा कपड्याचा रंग. पाण्यातील जिवाणू फोटोवरचा जिलेटिनचा थर खातात आणि त्यामुळे चित्र कडेकडून नाहीसे होत जाते, हे कारण मला या प्रकल्पामुळे समजले. आमचे अल्बम आम्ही ओल्या चादरीत गुंडाळून आठवडाभर तसेच ठेवले होते. तेव्हा हे माहीत असते तर आमच्याकडचे निम्मे फोटो वाचले असते.

माझी एक इच्छा आहे आणि ती येथे पहिल्यांदाच लिहितो. कोल्हापूर, शिरोळ आणि सांगली या पट्ट्यात भिजलेले फोटो अजून हजारो घरांत पडून असतील. लोक ते टाकत नाहीत आणि पाहतही नाहीत. इंडियन मेमरी प्रोजेक्ट २०१०पासून घराघरांतील जुन्या फोटोंवरून कुटुंबांच्या हकीकती जमवत आहे. प्रत्येक फोटोखाली घरातल्याच माणसाने सांगितलेली गोष्ट असते. तशी पद्धत धरून आपण पुरातल्या फोटोंचे काम केले, दसरा चौकात शाहू स्मारक भवनात आठ दिवस मांडले, तर लोक स्वतःचे फोटो घेऊन येतील, याची मला खात्री आहे. बाईंच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गल्लीतून घरटी एक फोटो आणि त्याची हकीकत आणली, तरी सुरुवात होईल.

दप्तरखाना

नदीवेस यांच्या कल्पनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. नोंदीचा तक्ता मी करून देईन. फोटोतील माणसांची नावे, अंदाजे साल, पाणी कोणत्या वर्षी लागले आणि फोटो देणाऱ्याची लेखी संमती एवढे रकाने पहिल्या दिवसापासून भरले, तर पुढे अडचण येणार नाही. संमतीचा रकाना रिकामा असलेला फोटो मांडायचा नाही, हा नियमही आताच ठरवून टाकू. निपोमोच्या बाईंची हकीकत वर आलीच आहे.

जुना_एनलार्जर

बाई, तो अल्बम आता ओढून उघडण्याचा प्रयत्न करू नका. तुमच्या आईवडिलांचे लग्न सत्तरच्या दशकातले असेल आणि फोटो कृष्णधवल असतील, तर आशेला जागा आहे. त्या काळातील जाड कागदावरचे कृष्णधवल फोटो स्वच्छ, थंड पाण्यात भिजवले तर थर फुगतो आणि पुष्कळदा आपोआप सुटतो. रंगीत फोटोंच्या बाबतीत असे धाडस मी करणार नाही. पण पाण्यात घालण्याआधी आज जसे आहे तसे प्रत्येक पान वरून, दोन्ही बाजूंनी उजेड घेऊन, कॅमेऱ्याने टिपून ठेवले पाहिजे. भिजवताना काही बिघडले तरी तेवढे हाती राहील. पुढच्या पुरात कुणाचा अल्बम भिजला आणि लगेच काही करणे शक्य नसले, तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावा, पण उन्हात ठेवू नये. उन्हात वाळवला की पाने घट्ट चिकटतात.

दुसरी गोष्ट. जे अर्धे पान सुटले आहे, त्याच्या पाठीमागे पाहा. आम्ही सर्व स्टुडिओवाले मागे रबरी शिक्का मारत होतो आणि शेजारी शिसपेन्सिलीने निगेटिव्हचा क्रमांक लिहीत होतो. शिक्क्याची शाई पुरात जाते, शिसपेन्सिल सहसा जात नाही. त्या वेळचे बरेच स्टुडिओ आता बंद झाले, पण आमच्यापैकी काहींनी निगेटिव्हची खोकी आणि क्रमांकाच्या वह्या अजून माळ्यावर ठेवल्या आहेत. वही सापडली तर तुमच्या आईंचा चेहरा निगेटिव्हवर शाबूत असू शकतो.

पंचगंगाकाठ

काका, आत्ता पाहिले. शिक्का निळसर डागासारखा पसरला आहे, त्यातले "कोल्हापूर" एवढेच कसेबसे वाचता येते. पण त्याच्या खाली शिसपेन्सिलीने लिहिलेला चार आकडी क्रमांक आहे आणि त्यातला एकही आकडा पुसलेला नाही. लग्न १९७६चे, फोटो कृष्णधवलच आहेत. हा क्रमांक कोणत्या स्टुडिओचा असेल, हे अक्षरावरून तुम्हाला ओळखता येईल का?

जुना_एनलार्जर

अक्षर पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. त्या काळात पेठेत आणि महाद्वार रोडवर लग्नाची कामे करणारे आम्ही मोजकेच होतो आणि एकमेकांचे आकडे ओळखत होतो. रविवारी सकाळी दहानंतर अल्बम घेऊन या. पानांमध्ये कागद घालू नका, दोरीने बांधू नका, आहे तसाच पुठ्ठ्यावर आडवा ठेवून आणा. नदीवेस यांनाही जमले तर त्यांनी त्यांचे उरलेले फोटो आणावेत. नातवाची सायकल मी बाहेर काढून ठेवतो.